कॅथरीन डॅव्हिटची वाट: मेयो ते हॅस्लिंग्डन

गुरुवार: डब्लिन ते फॉक्सफर्ड

डब्लिनच्या ह्यूस्टन स्टेशनातून निघालेली गाडी अ‍ॅथलोनला शॅनन नदी ओलांडते आणि तिथून खिडकीबाहेरचा मुलूख बदलू लागतो. कुरणं आखूड होतात, त्यांच्यामधले दगडी बांध वाढतात, मधूनच काळपट पाणथळ जमिनीचा पट्टा दिसतो. तिथली माती कापून, वाळवून लोक पिढ्यान्‌पिढ्या चुलीत जाळत आले. मनुला जंक्शनला गाडी बदलायची. या स्टेशनात माणसं फक्त गाडी बदलायला उतरतात, बाहेर गावात जायला रस्ता नाही. पलीकडच्या फलाटावर दोन डब्यांची गाडी उभी होती. तिनं आम्हाला फॉक्सफर्डला सोडलं.

१९०६ च्या जूनच्या सुरुवातीला डब्लिनहून एक शवपेटी रेल्वेनं अशीच फॉक्सफर्डला आली होती. मायकल डॅव्हिट ३० मे रोजी डब्लिनच्या रुग्णालयात वारला. दात काढल्यावर रक्तात विष भिनल्याचं निमित्त झालं. वय अवघं साठ. सार्वजनिक अंत्ययात्रा काढू नका, असं त्यानं बजावून ठेवलं होतं. तरी डब्लिनच्या चर्चमध्ये वीस हजारांवर माणसं त्याच्या पेटीसमोरून रांगेनं गेली. मग पेटी त्याच्या गावी नेली.

डॅव्हिट म्हणजे आयर्लंडच्या कुळांना एकत्र आणणारा, लँड लीग उभी करणारा माणूस. मला तो भेटला दादाभाई नौरोजींबद्दल वाचताना. एखाद्या आयरिश मतदारसंघातून दादाभाईंना ब्रिटिश संसदेत निवडून आणावं, असं त्यानं १८८० च्या दशकात आयरिश पक्षाचा पुढारी पार्नेल याला सुचवलं होतं. ते घडलं नाही. दादाभाई पुढं १८९२ मध्ये लंडनच्या फिन्सबरीतून निवडून आले. पण आयर्लंडच्या एका खेड्यातल्या कुळाच्या पोराला हे सुचावं कसं, म्हणून मी त्याच्या घराण्याच्या मागे लागले, आणि तो शोध त्याच्या आईपाशी येऊन थांबला. कॅथरीन डॅव्हिट. नेत्याच्या चरित्रात ती दोन-चार पानांपुरती येते. मला वाटतं, गोष्ट तिचीच आहे. म्हणून ठरवलं की १८५० मध्ये ती मुलांना घेऊन आयर्लंडच्या मेयो परगण्यातून इंग्लंडमधल्या लँकशायरच्या हॅस्लिंग्डन या गिरणीगावाला ज्या वाटेनं गेली, ती वाट होईल तितकी आपण धरायची.

सोबत माझी आत्या आहे, वय ७२. लालबागच्या चाळीत वाढलेली. तिचे वडील, म्हणजे माझे आजोबा, कणकवलीकडून मुंबईत आले आणि परळच्या गिरणीत साचेखात्यात लागले. "आई पोरांना घेऊन परमुलखात जाते आणि पोरगं गिरणीत जातं, एवढं कळलं. तिकीट काढ," एवढंच ती म्हणाली होती. (जाणाऱ्यांसाठी: भारतीयांना आयर्लंड आणि इंग्लंड हे दोन्ही देश एकाच व्हिसावर करता येतात, अशी सोय आहे. अर्ज करतानाच त्याची चौकशी करा.)

संध्याकाळी मॉय नदीच्या काठानं फिरलो. फॉक्सफर्डची लोकरीची गिरणी प्रसिद्ध आहे. १८९२ मध्ये एका जोगिणीनं, मदर अ‍ॅग्नेस मोरो-बर्नार्ड यांनी, गावातल्या लोकांना परदेशी जावं लागू नये म्हणून ती सुरू केली. आत्यानं तिथून एक राखाडी शाल घेतली आणि पुढचा सगळा प्रवास ती अंगावरून काढली नाही.

शुक्रवार: स्ट्रेड

फॉक्सफर्डपासून स्ट्रेड सहा-सात किलोमीटर. गाव म्हणजे रस्त्याच्या कडेला थोडी घरं, एक चर्च, जुन्या मठाचे भग्नावशेष आणि त्याला लागून डॅव्हिटचं संग्रहालय. संग्रहालय ज्या इमारतीत आहे ते पूर्वीचं चर्च. डॅव्हिटचा बाप्तिस्मा तिथंच झाला आणि त्याची कबर शेजारच्या मठाच्या आवारात आहे. २५ मार्च १८४६ ला जन्मलेला मुलगा मेयोतून लँकशायरला, तिथून तुरुंगात, अमेरिकेत, दक्षिण आफ्रिकेत जाऊन अखेर बाप्तिस्म्याच्या पाण्यापासून हाकेच्या अंतरावर येऊन निजला.

मठ तेराव्या शतकातला. छप्पर कधीच गेलं आहे, पण आत एक कोरीव कबर आहे. तिच्यावरच्या दगडी माणसांचे चेहरे अजून ओळखू येतात. आत्या त्यांच्यासमोर बराच वेळ उभी राहिली. मी बाहेर जाऊन डॅव्हिटच्या कबरीवरचा उंच क्रूस पाहिला, कुणी तरी ठेवलेली ताजी फुलं पाहिली.

त्याचा जन्म झाला ते वर्ष नीट समजून घ्यायला हवं. १८४५ मध्ये बटाट्यावर करपा आला. गरिबाचं पोट त्या एकाच पिकावर अवलंबून होतं. ओट, गहू, गुरं देशात होती, पण ती खंड भरण्यासाठी विकली जात आणि जहाजांतून बाहेर जात. काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसं उपासमारीनं आणि तापानं मेली, दहा लाखांहून अधिक देश सोडून गेली. एकट्या मेयोत १८४१ च्या शिरगणतीत जवळजवळ ३ लाख ८९ हजार माणसं होती. १८५१ मध्ये उरली पावणेतीन लाखांच्या आत.

त्यातून सरकारी कायद्यानं कुळाची आणखी कोंडी केली. पाव एकराहून जास्त जमीन कसणाऱ्याला मदत हवी असेल तर त्यानं आधी जमीन सोडावी, असं कलम १८४७ मध्ये आलं. दुसरीकडे, लहान कुळांच्या जमिनीवरची गरीबपट्टी, म्हणजे गरिबांच्या मदतीसाठीचा कर, जमीनमालकानं भरायची होती. म्हणजे जितकी लहान कुळं जास्त, तितका मालकाला भुर्दंड जास्त. मग मालकांनी कुळंच काढायला सुरुवात केली. खंड थकला की बेलिफ यायचा, सोबत पोलीस. माणसं बाहेर, घर जमीनदोस्त. घर उभं राहिलं तर कुळ परत येईल, ही भीती.

मार्टिन आणि कॅथरीन डॅव्हिट यांच्या घरी १८५० मध्ये हेच झालं. मार्टिन लिहिता-वाचता होता, त्याला इंग्रजी आणि आयरिश दोन्ही यायचं. हंगामात इंग्लंडला जाऊन शेतमजुरी करून तो खंडाचे पैसे जमवायचा. तरी थकबाकी राहिली. मायकल तेव्हा चार वर्षांचा. मोठी बहीण मेरी, पाठची अ‍ॅन, आणि अगदी तान्ही सबिना. आयुष्यातली आपली जवळजवळ पहिली आठवण म्हणजे हे घराबाहेर निघणं, असं त्यानं पुढं लिहून ठेवलं आहे.

संग्रहालयातल्या बाईंनी आम्हाला सांगितलेली एक गोष्ट मी आधी वाचली होती, पण तिथं उभं राहून ऐकताना अंगावर काटा आला. १ फेब्रुवारी १८८० रोजी स्ट्रेडमध्ये लँड लीगची सभा झाली. व्यासपीठ बांधलं होतं ते नेमकं डॅव्हिटांच्या पाडलेल्या घराच्या जागेवर. एका हाताचा, सात वर्षांहून अधिक काळ तुरुंगात काढलेला मायकल त्या फळ्यांवर उभा राहून बोलला. समोर त्याच शिवारातली माणसं होती. आपण ज्या घरातून बाहेर काढलो गेलो, त्याच भुईवर उभे आहोत, हे त्यानं त्यांना सांगितलं.

"आई होती का तिथं?" आत्यानं विचारलं. नव्हती. आई तेव्हा अमेरिकेत होती आणि त्याच वर्षी ती गेली.

शनिवार: स्विनफर्ड

स्ट्रेडहून स्विनफर्ड पूर्वेला पंधराएक किलोमीटर. कॅथरीन आणि मार्टिन चार मुलांना घेऊन इथं आले ते गरीबघराच्या आसऱ्याला. गरीबघर म्हणजे त्या काळचं 'वर्कहाऊस', निराधारांसाठीचा सरकारी आसरा. पोटाला मिळायचं, पण दारातून आत जाताच कुटुंब मोडायचं. पुरुष एका अंगणात, बायका दुसऱ्या, मुलगे तिसऱ्या, मुली चौथ्या. आई-मुलांची भेट होईल तर ठरलेल्या वेळी, तीही अधिकाऱ्याच्या मर्जीनं. हे मुद्दाम कठोर ठेवलं होतं, म्हणजे खरोखर मरणाच्या दारात असलेलाच माणूस येईल.

दारावर कॅथरीनला सांगण्यात आलं की तीन वर्षांवरच्या मुलाला आईपाशी ठेवता येणार नाही. मायकल चार वर्षांचा होता. तिनं पोराचा हात धरला आणि ती परत फिरली.

या एका वळणासाठी मी आयर्लंडला आले होते. तिच्याकडे त्या घडीला काय होतं? घर नाही, जमीन नाही, पैसा जवळजवळ नाही. थंडी येऊ घातलेली. मागं फिरण्याचा अर्थ रस्त्यावर मरणं असू शकतो हे तिला पक्कं ठाऊक होतं. रस्त्याच्या कडेला पेटीवाचून पुरलेली माणसं तिनं पाहिली होती. पण त्या काळी गरीबघरात गेलेली मुलंही धडधाकट बाहेर येतीलच असं नव्हतं. ताप आणि हगवण तिथं उपासमारीहून झपाट्यानं माणसं नेत होती. जुन्या गरीबघराच्या जागेमागे आज एक मोकळी हिरवी जागा आहे आणि एक स्मृतिफलक. त्या गवताखाली शेकडो माणसं एकत्र पुरलेली आहेत, नावाशिवाय. तिथं उभं राहिल्यावर कॅथरीनचा निर्णय निव्वळ मायेचा वाटत नाही. त्यात हिशेबही होता, आणि तो हिशेब बरोबर निघाला. चारही मुलं जगली.

आत्यानं शालीचा पदर डोक्यावरून घेतला आणि हात जोडले. मीही जोडले.

गावातलं दुसरं कुटुंब घोडागाडीनं डब्लिनला निघालं होतं, त्यांच्यासोबत डॅव्हिट निघाले. स्विनफर्डहून डब्लिन दोनशे किलोमीटरच्या आसपास. आम्ही दुपारी बस आणि आगगाडी करून रात्री डब्लिनला पोचलो.

रविवार: डब्लिन

कस्टम हाऊस घाटावर लिफी नदीच्या कडेला ब्राँझच्या माणसांची एक रांग बंदराकडे चालली आहे. रोवन गिलेस्पी यांनी घडवलेली ही शिल्पं १९९७ मध्ये इथं आली. हाडं दिसणारी माणसं, छातीशी धरलेली गाठोडी, एकाच्या खांद्यावर आडवं मूल, आणि सगळ्यांच्या मागे एक कुत्रा. पर्यटक त्यांच्या शेजारी उभं राहून फोटो काढतात. आत्याला ते आवडलं नाही. मला मात्र वाटलं की शिल्पं चौथऱ्यावर चढवली नाहीत, रस्त्यावर माणसांच्या उंचीवर ठेवली, हे फार चांगलं केलं. त्यांच्यामधून चालावं लागतं.

आपल्याकडे दुष्काळातून निसटणारा आयरिश माणूस म्हटलं की अमेरिकेचं जहाज डोळ्यांपुढे येतं. पण अमेरिकेचं भाडं भरणं ज्यांना शक्य नव्हतं, त्यांच्यासाठी इंग्लंड होतं. लिव्हरपूलचं भाडं काही शिलिंग, कधी त्याहूनही कमी. माणसं उघड्या डेकवर, गुरांच्या आणि डुकरांच्या सोबतीनं जायची. गुरांना दर होता, म्हणून त्यांची काळजी घेतली जायची. डिसेंबर १८४८ मध्ये स्लायगोहून लिव्हरपूलला निघालेल्या 'लंडनडेरी' बोटीवर वादळात प्रवाशांना खालच्या कोंदट खोलीत कोंबून वरून दार बंद केलं. ७२ माणसं गुदमरून मेली. डॅव्हिट कुटुंब निघालं त्याच्या जेमतेम दोन वर्षं आधीची ही गोष्ट.

दुपारी आत्या झोपली आणि मी एकटी घाटावर फिरले. डब्लिनचे आणि आपले धागे या शहरात जागोजागी लागतात. काँग्रेसच्या १८९४ च्या मद्रास अधिवेशनाचे अध्यक्ष अल्फ्रेड वेब याच शहराचे, आयरिश खासदार आणि लँड लीगच्या कामातला माणूस. दादाभाईंच्या मित्रमंडळात डॅव्हिट आणि वेब दोघेही होते. कुळांचा प्रश्न, खंड, बाहेर जाणारं धान्य आणि बाहेर जाणारा पैसा या गोष्टी या माणसांना समजावून सांगाव्या लागत नव्हत्या. दादाभाई संपत्तीच्या वाहून जाण्याबद्दल बोलायचे, तेव्हा समोर बसलेल्या डॅव्हिटनं ते घरातच पाहिलेलं होतं.

सोमवार: समुद्र, हॉलीहेड, चेस्टर

डब्लिनहून लिव्हरपूलला पायी प्रवाशांना सोयीची बोट आता नाही. म्हणून हॉलीहेडची बोट घेतली, सव्वातीन तासांची, आणि तिथून वेल्सच्या किनाऱ्यानं आगगाडी. समुद्र शांत होता. आत्या काचेपाशी बसून चहा पीत होती. मी डेकवर गेले. वारा असा होता की दोन्ही हातांनी कठडा धरावा लागला. चार वर्षांचं पोर आणि तान्हं बाळ घेऊन या समुद्रावर, हिवाळ्याच्या तोंडाशी, उघड्यावर. मी लगेच आत आले.

चेस्टरला गाडी बदलायची होती, तेवढ्यात किल्ला पाहून घेतला. ११ फेब्रुवारी १८६७ रोजी आयरिश क्रांतिकारकांनी या किल्ल्यातली शस्त्रं लुटायचा बेत केला होता. हॅस्लिंग्डनहून माणसं घेऊन येणारा तुकडीप्रमुख होता वीस वर्षांचा, एका हाताचा डॅव्हिट. फितुरानं बेत फुटला. त्याला वेळेत कळलं आणि त्यानं आपली माणसं सुखरूप परत नेली. पुढे १८७० मध्ये लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनवर शस्त्रांच्या प्रकरणात तो पकडला गेला आणि पंधरा वर्षांची सक्तमजुरी झाली. डार्टमूरच्या तुरुंगात एका हातानं दगड फोडणं, हाडं कुटणं, गाड्याला जुंपून घेणं हे सगळं त्यानं केलं. डिसेंबर १८७७ मध्ये सुटला.

मंगळवार: लिव्हरपूल

सकाळी उत्तरेकडच्या गोद्यांच्या रस्त्यानं क्लॅरेन्स डॉकच्या दरवाजापाशी गेलो. गोदी आता बुजवली आहे, पण जाड दगडी खांब उभे आहेत. त्यांवरच्या फलकात लिहिलं आहे की १८४५ ते १८५२ या वर्षांत दुष्काळातून पळालेल्या १३ लाख आयरिश स्थलांतरितांपैकी बहुतेक या दरवाजातून आत आले. एकट्या १८४७ मध्ये जवळजवळ तीन लाख माणसं लिव्हरपूलला उतरली. शहराची स्वतःची वस्ती त्याहून फार मोठी नव्हती. तळघरं भरली, ताप पसरला. शहरानं त्याच वर्षी डॉ. डंकन यांना आरोग्य अधिकारी नेमलं. इंग्लंडात अशा पदावर नेमलेला हा पहिला माणूस.

फलक वाचून मी फोटो घेत होते आणि आत्या खांबाला हात लावून उभी होती. मग म्हणाली, "आप्पा भाऊच्या धक्क्याला उतरले तेव्हा सोबत एक वळकटी आणि गावातल्या माणसाचा पत्ता. यांच्याकडे पत्ता होता का गं?"

होता. म्हणूनच ते लिव्हरपूलच्या तळघरांत अडकले नाहीत. हॅस्लिंग्डनला मेयोची माणसं आधी जाऊन राहिलेली होती. मार्टिनला हंगामी मजुरीमुळे उत्तर इंग्लंडची वाट माहीत असणार. गाववाला ज्या गावात असेल तिथं जायचं, त्याच्या खोलीत पाठ टेकायची, त्याच्या शब्दावर काम मिळवायचं. परळ-लालबागमधल्या कोकणी गाळ्यांची अख्खी वस्ती याच रीतीनं वसली, आणि लँकशायरमधल्या आयरिश वस्त्याही.

लिव्हरपूल ते हॅस्लिंग्डन ७७ किलोमीटर. ते अंतर डॅव्हिट कुटुंबानं पायी कापलं.

बुधवार: मँचेस्टर, आणि टेकड्यांकडे

आम्ही आगगाडीनं मँचेस्टर आणि तिथून बसनं हॅस्लिंग्डन. बरीच्या पुढे रस्ता चढू लागतो. उघड्या, झाडं नसलेल्या टेकड्या, उतारांवर एकमेकांना चिकटलेल्या काळसर दगडी घरांच्या ओळी, मधूनच एखादी गिरणीची चिमणी. पाऊस बारीक पण अखंड. याच ओल्या हवेमुळे इथं सूत तुटत नसे, आणि याच उतारांवरच्या ओढ्यांनी पहिली यंत्रं फिरवली.

डॅव्हिट कुटुंब रॉक हॉल नावाच्या आयरिश वस्तीत राहू लागलं. घरात आयरिश बोलली जायची. दुष्काळाच्या, रस्त्याकडेच्या कबरींच्या, स्ट्रेडच्या घराच्या गोष्टी आई त्या भाषेत सांगायची आणि सांगताना रडायची. आपल्या राजकीय विचाराला हेच खाद्य मिळालं, असं डॅव्हिटनं पुढे लिहिलं. मला हे वाक्य त्याच्या साऱ्या भाषणांपेक्षा मोलाचं वाटतं. पुढं लाखो कुळं ज्या मागण्यांमागे उभी राहिली, म्हणजे रास्त खंड, जमिनीवरून न काढण्याची हमी आणि आपला हक्क विकण्याची मुभा, त्यांची सुरुवात लँकशायरमधल्या एका ओलसर खोलीत, चुलीपाशी झाली. सांगणारी बाई कुठल्याही व्यासपीठावर कधी चढली नाही.

गुरुवार

दिवसभर पाऊस. आत्याचे गुडघे दुखत होते. खोलीतच थांबलो, पिठलं-भात केला.

शुक्रवार: हेल्मशोर

हॅस्लिंग्डनच्या दक्षिणेला लागून हेल्मशोर. इथं दोन जुन्या गिरण्या संग्रहालय म्हणून जपल्या आहेत. एक १७८९ ची, पाणचक्कीवर चालणारी, लोकर कुटून घट्ट करण्यासाठी. दुसरीत सूतकताईची यंत्रं, आणि ती अजून चालतात. जाण्याआधी उघडी असल्याचे दिवस पाहून घ्या, रोज उघडी नसते.

वरच्या मजल्यावर कताईचा लांबलचक म्यूल आहे. शेकडो चात्या बसवलेला एक गाडा रुळांवरून पुढे येतो, येताना पेळू ताणतो आणि पीळ देतो, मग मागे जाताना सूत गुंडाळतो. पुन्हा पुढे. तुटलेला धागा चालत्या यंत्रावर बोटांनी सांधायचा, आणि गाड्याखाली साचलेला कापूस झाडून काढायचा. हे झाडायचं काम लहान मुलांकडे असे, कारण गाडा मागे यायच्या आत त्यांनाच खालून सरपटत बाहेर पडता येई.

सांभाळणाऱ्या काकांनी यंत्र सुरू केलं. एकच यंत्र, थोडा वेळ. तरी जमीन थरथरत होती. शेकडो यंत्रं चालत असतील तर बोलणं अशक्यच. म्हणून लँकशायरच्या विणकर बायका ओठ मोठे हलवून एकमेकींशी बोलत, हे त्यांनी करूनही दाखवलं. आत्या एकदम म्हणाली, "आप्पा घरीसुद्धा हातवारे करून बोलायचे. आम्ही हसायचो." मुंबईच्या गिरण्यांतली पुष्कळ यंत्रं इथून जवळच्या ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सची. त्यांच्या पाटीवरचं नाव आत्यानं आप्पांच्या तोंडून ऐकलेलं आहे.

मायकल नवव्या वर्षी कामाला लागला. पहिल्या गिरणीत मजुरी नीट दिली नाही म्हणून महिन्यात सोडली. मग बॅक्सेंडनच्या व्हिक्टोरिया मिलमध्ये गेला. ८ मे १८५७ रोजी त्याचा उजवा हात यंत्राच्या दातेरी चाकात सापडला. अकरा वर्षांचा होता. हात वाचवायचा प्रयत्न झाला, पण काही दिवसांनी कापावाच लागला. भरपाई एक पैही नाही. बालकामगारांचे कायदे तेव्हा होते, मुलांना अर्धा दिवस काम आणि अर्धा दिवस शाळा असा नियमही होता. पण गिरणीला मुलाचे हात हवे होते आणि घराला मुलाची मजुरी, आणि या दोहोंमधून कायदा सहज निसटत असे.

कॅथरीननं गरीबघराच्या दारावरून जो हात धरून पोराला परत आणलं, तो हात कोणता होता कोण जाणे. मी हे मनात म्हटलं. आत्या यंत्राकडे पाठ करून जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसली होती.

शनिवार: हॅस्लिंग्डन

विल्किन्सन स्ट्रीटवर डॅव्हिट कुटुंबाच्या घराच्या जागी एक दगडी स्मारक आहे. आयरिश देशभक्त मायकल डॅव्हिट १८५३ ते १८६७ या काळात या गावात राहिला, असं त्यावर कोरलेलं आहे. ज्या राज्यानं त्याला तुरुंगात टाकलं, त्याच राज्यातल्या एका गावानं हे जपलं, हे मनापासून आवडलं. पण नाव एकट्याचं. मार्टिन नाही, कॅथरीन नाही, तिन्ही मुली नाहीत. तिथं कॅथरीनचं नाव असायला हवं, असं माझं ठाम मत आहे, आणि गावातल्या ग्रंथालयात अभिप्रायाच्या वहीत मी ते लिहूनही आले.

ते ग्रंथालय म्हणजे जुनं मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट, कामगारांनी रात्री शिकावं म्हणून १८६० मध्ये उभं राहिलेलं. हात गेल्यानं मायकलची गिरणी सुटली आणि शाळा मिळाली. जॉन डीन नावाच्या स्थानिक सद्गृहस्थांनी त्याला मेथडिस्टांच्या शाळेत घातलं. कॅथलिक आईनं पोराला मेथडिस्टांच्या शाळेत जाऊ दिलं, ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती. पुढं तो पोस्टात लागला, तिथंच छापखाना होता, एका हातानं खिळे जुळवायला शिकला. संध्याकाळी या इमारतीत वाचायला यायचा. कामगारांच्या मताधिकारासाठी लढलेल्या चार्टिस्ट चळवळीचे पुढारी अर्नेस्ट जोन्स यांचं भाषण त्यानं तरुणपणी ऐकलं आणि इंग्लंडमधला कामगार हा आपला वैरी नव्हे, हे त्याला पटलं. १८६८ मध्ये या खोऱ्यात आयरिशांविरुद्ध दंगे झाले, तेव्हा चर्चच्या रक्षणाला उभ्या राहिलेल्या माणसांत तो होता. या दोन गोष्टी एकाच माणसात होत्या, म्हणून तो मला मोठा वाटतो.

त्याच्या पोस्टातल्या दिवसांतच अमेरिकेतल्या यादवीनं कापूस बंद झाला. १८६१ ते १८६५. लँकशायरच्या गिरण्या थंड पडल्या, कामगारांच्या घरी चुली विझल्या. आणि त्याच वर्षांत खानदेश-वऱ्हाडचा कापूस सोन्याच्या भावानं मुंबईहून इकडे येत होता. युद्ध संपलं आणि मुंबईतल्या पेढ्या धडाधड बुडाल्या. गाठी उतरत होत्या त्या या खोऱ्यांमधून.

१८७० मध्ये आई-वडील पेनसिल्व्हेनियातल्या स्क्रँटनला गेले, खाणींच्या गावी. मार्टिन १८७१ मध्ये तिथंच वारला, मुलगा तेव्हा डार्टमूरला. सुटल्यावर मायकल १८७८ मध्ये अमेरिकेला गेला आणि आईला भेटला. २१ ऑक्टोबर १८७९ रोजी मेयोच्याच कॅसलबारमध्ये लँड लीग स्थापन झाली. दुसऱ्या वर्षी कॅथरीन फिलाडेल्फियाजवळ वारली. १९०३ च्या कायद्यानंतर आयर्लंडमधली कुळं मोठ्या संख्येनं जमिनीची मालक होऊ लागली, ते पाहायला ती नव्हती.

दुपारी बसच्या थांब्याजवळच्या दुकानात चहा घेतला. दुकानदार साठीचे, मूळ पाकव्याप्त काश्मीरमधल्या मीरपूरचे. १९६० च्या दशकात मंगला धरणात घर गेलं, नुकसानभरपाईत वडिलांना कामाचं परमिट मिळालं आणि ते या खोऱ्यात गिरणीच्या रातपाळीला लागले. आम्ही इथं कशाला आलो, असं त्यांनी विचारलं. आत्यानं आपल्या लालबागच्या हिंदीत सुरुवात केली ती स्विनफर्डच्या दारापासून. मग म्यूल, मग आप्पा, साचेखातं, १९८२ चा संप, बंद पडलेली गिरणी, तिच्या जागी झालेला मॉल. दुकानदार काउंटरमागून बाहेर आले, तिच्यासमोर स्टूल ओढून बसले आणि आपल्या वडिलांचं सांगू लागले. त्यांचे वडीलही घरी हातवारे करून बोलायचे म्हणे. मँचेस्टरची बस आली आणि गेली. मी आणखी एक चहा मागितला.